वाहन-विचारणा : व्हॅनवर बांधलेल्या फिरत्या घराची चाल

मोटरहोमविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : घर सुरेख झाले, पण गाडी पूर्वीसारखी चालत नाही. पलंग, ओटा, शौचालय आणि सौर पॅनेल यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर हा सगळा संसार चढवल्यानंतर तिचे स्टिअरिंग, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक आणि टायर यांच्यावर काय परिणाम होतो, याचा विचार गाडी हातात आल्यावरच सुरू होतो. या वेळचे सदर त्यामुळे या पत्रांसाठीच राखले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी फोर्स ट्रॅव्हलर ३३५० ही व्हॅन घेऊन भिवंडीजवळच्या एका कारखान्यातून तिचे मोटरहोम करून घेतले. मागच्या टोकाला आडवा पलंग असून त्याखाली १५० लिटरची पाण्याची टाकी आणि इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. मागच्या दारावर दोन सायकलींचा कॅरिअर बसवला आहे. गतिरोधकावर मागचा भाग दणकन आपटतो, आणि नाशिक महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेले की स्टिअरिंग हलके लागते व गाडी सरळ ठेवण्यासाठी हात सतत हलवावे लागतात. मेकॅनिक मागे एकेक जादा पाटा घालावयास सांगतो. घालावा का? सोबत मापांसह आराखडा जोडला आहे.
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : तूर्त घालू नये. जादा पाट्याने आपटणे कदाचित कमी होईल, परंतु आपल्या दोन तक्रारींपैकी दुसरी, म्हणजे स्टिअरिंग हलके लागण्याची, अधिक गंभीर आहे आणि पाट्याने ती तसूभरही सुटणार नाही.

आपण आराखडा पाठवलात हे फार बरे झाले, कारण त्यामुळे अंदाजाऐवजी हिशेब करता येतो. मॉडेलच्या नावातील ३३५० हा आकडा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधील, म्हणजे अ‍ॅक्सलमधील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. या दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये ठेवलेले वजन दोघांत वाटले जाते. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे ठेवलेले वजन मात्र मागच्या चाकांवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकते आणि पुढच्या चाकांवरचा भार उचलते. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर येऊ लागते, तोच हा प्रकार आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो वजन ठेवले, तर आपल्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नव्हे, तर जवळपास १३० किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ३० किलो कमी होतात.

आता आपल्या आराखड्याकडे पाहू. भरलेल्या टाकीतील पाणी १५० किलो आणि दोन बॅटऱ्या मिळून सुमारे ११० किलो, हे दोन्ही मागच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आहेत. सायकली आणि कॅरिअर मिळून ४५ किलोंच्या आसपास असावेत आणि ते तब्बल दोन मीटर मागे लटकले आहेत. या तीन गोष्टींमुळे आपल्या पुढच्या चाकांवरचा सुमारे ९० किलो भार उचलला गेला आहे, आणि मागच्या चाकांवर जवळजवळ ४०० किलोंची भर पडली आहे. यांत सर्वांत हलक्या असलेल्या सायकलींचा वाटा पाहण्यासारखा आहे : वजनाने त्या बॅटऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आहेत, तरी पुढचा भार उचलण्यात त्या बॅटऱ्यांच्या बरोबरीने काम करतात. गाडीला वळवण्याचे काम पुढचे टायर करतात, आणि टायरची पकड त्यावरील भारावर अवलंबून असते. तो भार कमी झाला की हातातले स्टिअरिंग हलके लागते, लहानशा खड्ड्याने वा वाऱ्यानेही गाडी रेषेवरून ढळते आणि चालकाला ती सारखी परत आणावी लागते. दोनशे किलोमीटरनंतर खांदे भरून येतात ते यामुळेच.

म्हणून पहिले काम वजनकाट्यावर जाण्याचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तळोजा औद्योगिक वसाहतीत आणि आपल्याला जवळ असलेल्या भिवंडीच्या गोदामांच्या भागात असे काटे आहेत. डिझेल पूर्ण, पाणी पूर्ण, कपडे-भांडी-शिधा आणि नेहमीची सगळी माणसे गाडीत असताना तीन वजने घ्यावीत : प्रथम पूर्ण गाडीचे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, मग फक्त मागची ठेवून. काट्यावरचा माणूस ट्रकच्या रांगेमुळे घाई करील. त्याला आधीच सांगून ठेवावे. जागा सपाट असेल तर डावी आणि उजवी बाजूही वेगवेगळी तोलून घ्यावी, कारण ओटा, फ्रिज आणि कपाट एकाच बाजूला आले असतील तर गाडी एका अंगाला कललेली राहते व त्या बाजूचा पाटा लवकर बसतो. हे आकडे गाडीवरील उत्पादकाच्या पट्टीवर दिलेल्या कमाल वजनाशी आणि प्रत्येक अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. एकूण वजन मर्यादेत आहे, पण मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर गेला आहे, असे मोटरहोममध्ये फार वेळा आढळते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

त्यानंतर वजन हलवावे. टाकी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली आणि शक्य तर आडपडदे असलेली घ्यावी, नाहीतर अर्धी भरलेली टाकी घाटातील प्रत्येक वळणावर पाणी एका अंगाहून दुसऱ्या अंगाला फेकते आणि वळण संपल्यावरही गाडी डुलत राहते. बॅटऱ्या पुढच्या आसनांच्या मागे आणता येतील. खर्च परवडत असेल तर त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या घ्याव्यात. ५५ किलोंच्या ट्युब्युलर बॅटरीचे काम त्या साधारण चौथ्या हिश्शाच्या वजनात करतात. सायकलींचे काय करावे, हे सांगणे मला जड जाते, कारण त्या छतावर नेल्या तर गुरुत्वमध्य वर जातो. घडीच्या सायकली घेऊन आत ठेवाव्यात असे मी सुचवीन.

लाकूडकामाचाही एकदा विचार करावा. १८ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायवूडचा एक ताव ३० किलोंच्या घरात जातो, आणि घरच्या सवयीने काम करणारा सुतार मोटरहोममध्ये सहज दहा-बारा ताव घालून मोकळा होतो. आपल्या आराखड्यात ओट्याला ग्रॅनाइट दाखवले आहे. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला ५० किलोंहून अधिक भरतो. तो काढून टाकावा, एवढेच म्हणतो.

हे सर्व झाल्यानंतरही मागचा भाग बसलेला वाटला तर पाट्यांकडे वळावे, आणि तेव्हा एक गोष्ट आपल्या बाजूने असते. प्रवासी व्हॅनचे पाटे दुहेरी कामासाठी घडवलेले असतात : सकाळी रिकामी आणि तासाभराने माणसांनी गच्च भरलेली, अशा दोन्ही स्थितींत गाडी चालावी म्हणून त्यात तडजोड केलेली असते. मोटरहोमचे वजन मात्र बारा महिने जवळजवळ एकच असते. त्यामुळे काट्यावरचे आकडे समोर ठेवून कमानीची उंची, पाट्यांची संख्या आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या एकाच वजनासाठी नेमके जुळवता येतात, आणि असे जुळवलेले मोटरहोम मूळ व्हॅनपेक्षाही मऊ चालू शकते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र चारही बदलावेत. पाटा ताठ केला आणि शॉक जुनाच राहिला, तर एका खड्ड्यानंतर गाडी तीन वेळा उसळते. पाट्यांच्या सोबतीला हवेचे फुगे बसवून देणारेही आहेत. ते चांगले काम करतात, परंतु फुग्याने गाडी वर उचलली म्हणून अ‍ॅक्सलची मर्यादा वाढत नाही, हे बसवणारा सांगत नाही.

टायरच्या कडेवर कोरलेला हवेचा आकडा कमाल दाबाचा असतो. तो भरायचा आकडा नव्हे. पुढे भार कमी आणि हवा जास्त अशी स्थिती असेल तर टायर जेमतेम मधल्या पट्ट्यावर चालतो आणि गाडी आणखी भरकटते. दाब अ‍ॅक्सलवरील प्रत्यक्ष वजनानुसार, उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे आणि टायर थंड असताना भरावा.

प्रश्न : अटल सेतूवरून आणि वाशीच्या खाडीपुलावरून जाताना वाऱ्याने आमचे मोटरहोम शेजारच्या मार्गिकेत ढकलले जाते. कार कधी अशी ढकलली गेली नाही. गाडीत काही दोष आहे का?
— एक वाचक, उलवे

उत्तर : दोष असलाच तर तो किती आहे, हे आधी पाहावे लागेल, कारण काही ढकलले जाणे अटळ आहे. आपल्या गाडीची एक बाजू म्हणजे साधारण बारा-तेरा चौरस मीटरची भिंत आहे. कारची याच्या निम्मीही नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा धक्का चौपट होतो, म्हणून पावसाळ्यातील झोताचा फरक हाताला एकदम जाणवतो.

याखेरीज एक बारीक गोष्ट आहे. चालत्या गाडीवर आडव्या वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो ती जागा व्हॅनमध्ये गुरुत्वमध्याच्या पुढे असते. म्हणून वारा गाडीला नुसता बाजूला सारत नाही, तर तिचे नाक वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला फिरवतो. मागे वजन भरल्याने गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो, दोहोंतील अंतर वाढते आणि नाक अधिक फिरते. घोडबंदरच्या वाचकांना दिलेले उत्तर आपणही वाचावे. छतावर वातानुकूलन यंत्र आणि पॅनेल असतील तर विशेषच.

अटल सेतूची २१.८ किलोमीटर लांबी आहे, त्यातील सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, आणि शिवडीच्या बाजूला काही भागात कडेला ध्वनिरोधक व दृष्टिरोधक पत्रे उभारले आहेत. हे पत्रे असेपर्यंत गाडी आडोशाला असते. ते संपतात त्या ठिकाणी वारा एकाएकी अंगावर येतो. कंटेनर ट्रेलरला ओलांडतानाही तेच घडते : ट्रेलर जवळ येताच आधी गाडी त्याच्याकडे ओढली जाते, त्याच्या आडोशात स्थिर होते, आणि पुढे निघताच बाहेर फेकली जाते. या जागा आधी ओळखून वेग कमी करावा आणि स्टिअरिंग घट्ट आवळण्याऐवजी दोन्ही हातांनी सैलसर पण सावध धरावे, कारण घट्ट धरणारा चालक झोत ओसरल्यावर उलट्या बाजूला जास्त वळवतो. सेतूवर ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, परंतु पावसाळी वाऱ्यात उंच मोटरहोमसाठी ६०-७० हा वेग मला पुरेसा वाटतो. डावी मार्गिका धरावी आणि मागच्याच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नये.

आता दोषाविषयी. वारा नसतानाही पाम बीच रस्त्यासारख्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी भटकत असेल, तर टायरॉड एंड, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंगचा मोकळा खेळ तपासून घ्यावा. व्हील अलाइनमेंट नेहमी भरलेल्या गाडीचे करावे. बांधकामापूर्वी रिकाम्या व्हॅनचे केलेले अलाइनमेंट घर चढल्यावर निरुपयोगी होते.

प्रश्न : मोटरहोमसाठी ट्रॅव्हलर, विंगर आणि उर्बानिया यांपैकी कोणती व्हॅन चालवायला अधिक आरामशीर? परदेशात काय वापरतात?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तिन्ही व्हॅन वेगवेगळ्या पिढ्यांच्या आणि वेगवेगळ्या विचारांच्या आहेत. ट्रॅव्हलर १९८७ साली आली आणि तिची घडण मर्सिडीझ-बेंझच्या टी-वन या १९७७च्या व्हॅनवरून घेतलेली आहे : मागच्या चाकांना ताकद, पाट्यांवरचे सस्पेन्शन आणि भार सोसण्यावर भर. तिच्या जुन्या घडणीत पुढचा अ‍ॅक्सलही अखंड असतो. त्यामुळे डाव्या चाकाला बसलेला धक्का उजव्या चाकापर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. ती दणकट आहे, आणि जव्हारला किंवा जुन्नरला पाटा तुटला तरी तो बदलून देणारा माणूस संध्याकाळपर्यंत सापडतो. ज्यांना सुट्यांमध्ये आडवाटेला जायचे आहे, त्यांच्या दृष्टीने हा गुण लहान नाही.

टाटा विंगर २००७ साली आली. तिचे मूळ रेनॉच्या पहिल्या ट्रॅफिक व्हॅनमध्ये आहे आणि तिच्या पुढच्या चाकांना ताकद मिळते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोहोचवणारा प्रोपेलर शाफ्ट खालून जात नसल्याने फरशी खाली ठेवता येते. गुरुत्वमध्य खाली राहतो, आजी-आजोबांना चढणे-उतरणे सोपे जाते आणि पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने गावातल्या खड्ड्यांत ती कारच्या जवळ जाते. मात्र ओढणारी चाके पुढची असल्याने मागे वजन भरण्याची चूक तिच्यात दुप्पट महाग पडते : पुढचा भार उचलला गेला की स्टिअरिंगबरोबर ओढही जाते, आणि ओल्या चढावर किंवा गवताळ तळावर चाके जागच्या जागी फिरू लागतात. विंगर घेणाऱ्याने टाकी आणि बॅटऱ्या पुढच्या निम्म्या भागातच बसवाव्यात.

उर्बानिया या तिघींत सर्वांत नवी. तिची बांधणी मोनोकॉक, म्हणजे वेगळा सांगाडा नसलेली, पत्र्याच्या पेटीनेच भार पेलणारी आहे, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागच्या चाकांना ताकद आहे आणि घसरती गाडी सावरणारी ईएसपी प्रणाली आहे. ताशी ८० किलोमीटरला आतल्या माणसांना आवाज न चढवता बोलता येते, हे लांबच्या प्रवासात पहिल्याच दिवशी कळते. चालवण्याच्या आरामाचाच विचार करायचा असेल तर माझे मत उर्बानियाला. तिच्या सर्वांत लांब आवृत्तीत दोन अ‍ॅक्सलमधील अंतर ४४०० मिलिमीटर आहे. महामार्गावर ती रेल्वेसारखी सरळ जाते, परंतु जुन्या ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या वळणावर चालकाचा कस लागतो. आपण शहरातच राहणार असाल तर मधली आवृत्ती पाहावी.

युरोपात मोटरहोमसाठी सर्वाधिक पसंती फियाट ड्युकॅटोला आहे, आणि तीही पुढच्या चाकांनी ओढणारीच व्हॅन आहे. तिथले अनेक कारखाने तिचा मूळ मागचा सांगाडा काढून आल्को कंपनीचा खालच्या पातळीचा सांगाडा जोडतात. त्यात मागची चाके स्वतंत्र असतात, दोन चाकांतील रुंदी वाढवता येते आणि फरशी आणखी खाली येते. अशा गाडीचे वळणावरचे झुकणे लक्षणीय कमी असते. आपल्याकडे हा पर्याय सहज मिळत नाही आणि कोणी स्थानिक वेल्डरकडून सांगाडा कापून तसे करून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मोनोकॉक गाडीत खिडकीसाठी खांब कापणेही सांगाडा कापण्यासारखेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे मूलभूत बदल परस्पर करता येत नाहीत, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या कारखान्याकडूनच गाडी बांधून घ्यावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या प्रवेशाची उंची २.२ मीटर आहे. टायरमधील हवा कमी करून मोटरहोम आत नेता येईल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : येणार नाही. व्हॅनची उंचीच अडीच मीटरच्या घरात असते आणि छतावरच्या वातानुकूलन यंत्राने ती आणखी वाढते. हवा काढून फार तर दोन-चार सेंटिमीटर मिळतील, टायर मात्र जातील. गाडीची खरी उंची मोजून चालकासमोर काचेवर चिकटवून ठेवावी. रेल्वेखालच्या पुलापाशी ती आठवत बसण्याची वेळ नसते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मोटरहोममध्ये त्यांना मागच्या पलंगावर आडवे करून नेतो, तरीही खंडाळ्यापर्यंत त्यांना मळमळते आणि कंबर दुखते. कारमध्ये त्यांना असा त्रास होत नाही. काय करावे?
— एक वाचिका, वाशी

उत्तर : सासूबाईंना गाडीतली सर्वांत वाईट जागा दिली गेली आहे. खड्डा आला की गाडी पुढच्या-मागच्या टोकांवर झुलते, आणि दोन अ‍ॅक्सलच्या मधला भाग सर्वांत कमी हलतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असलेला पलंग सर्वांत जास्त वर-खाली होतो, वळणावर आडवा सर्वांत जास्त फेकला जातो, आणि तिथून रस्ताही दिसत नाही. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल सांगते, डोळे मात्र स्थिर भिंत दाखवतात. मळमळ या विसंगतीतून होते.

त्यांना चालकाच्या शेजारी किंवा त्याच्या लगेच मागच्या, पुढे तोंड असलेल्या आसनावर बसवावे, जेणेकरून समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल. डायनेटच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळच्या, आडव्या बाकावर मुळीच बसवू नये. त्यावर मळमळही वाढते आणि अचानक ब्रेक लागला तर पट्टाही नीट काम करत नाही. चालत्या गाडीत पलंगावर झोपणे तर कोणत्याही वयात टाळावे, कारण तिथे माणसाला अडवणारे काहीच नसते. कंबरेसाठी आसनाचा फोम फार मऊ नसावा. मऊ फोम दुकानात बरा वाटतो, परंतु पाट्यांच्या जलद कंपनावर तो तळाला टेकतो आणि धक्का सरळ मणक्याला देतो. त्यापेक्षा घट्ट फोमवर पातळ मऊ थर चांगला. चालकालाही एक विनंती करावी : मोटरहोममध्ये ब्रेक आणि गिअर कारच्या चालीने वापरले की मागे बसलेल्यांचे डोके प्रत्येक वेळी पुढे-मागे होते. द्रुतगती मार्गाच्या घाटात वळणापूर्वीच वेग कमी करून वळण एकाच वेगाने काढले, तर निम्मा त्रास तिथेच संपेल.

प्रश्न : कसारा घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास आला आणि पेडल खोल गेले. थोडे थांबल्यावर पूर्ववत झाले. गॅरेजमध्ये लायनर ठीक असल्याचे सांगितले. काळजीचे कारण आहे का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : निश्चित आहे, आणि आपण थांबलात हे योग्य केलेत. साडेतीन टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा सुमारे दहा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते, आणि इंजिनने ती अडवली नाही तर ती सगळी ब्रेकमध्येच उष्णता होऊन शिरते. वास लायनरचा होता. पेडल खोल जाणे मात्र बहुधा ब्रेक फ्लुइडचे होते. हे द्रव हवेतील ओलावा शोषते, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, गरम ब्रेकजवळ त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की द्रवाऐवजी बुडबुडे दबतात. गार झाल्यावर बुडबुडे नाहीसे होतात, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे, गाडी कितीही कमी चाललेली असो.

उतरण्याची पद्धतही बदलावी लागेल. रिकामी व्हॅन चौथ्या गिअरमध्ये जो उतार उतरत होती, तो मोटरहोमने दुसऱ्या किंवा तिसऱ्यात उतरावा, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. ब्रेकवर पाय सतत ठेवू नये. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून तो पुरेसा खाली आणावा आणि पाय काढून घ्यावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला हवा मिळते. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवण्याची सवय अजूनही काही चालकांना आहे. अशा चालकाच्या हाती मोटरहोम देऊ नये. घाट चढण्या-उतरण्याच्या दिवशी पाण्याची टाकी पाव भागच भरून निघणे हाही साधा उपाय आहे. इगतपुरीला पाणी मिळते.

प्रश्न : आमचे मोटरहोम वर्षातील बराच काळ उभेच असते. पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरते, नंतर थांबते. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. टायर बदलावेत का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : सुरुवातीची थरथर बहुधा टायरवर पडलेल्या सपाट डागांमुळे येते. जड गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि गरम झाल्यावर पुन्हा गोल होतो. महिन्यातून एकदा गाडी फिरवावी, किंवा निदान पुढे-मागे हलवून उभी करावी.

नक्षीवर मात्र विसंबू नये. मोटरहोमचे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. २३१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. सहा-सात वर्षांपुढचा टायर, कडेला केसासारख्या भेगा दिसत असोत वा नसोत, भरलेल्या मोटरहोमवर ठेवू नये. नवे घेताना व्यावसायिक वाहनांसाठीचे, ‘सी’ अक्षर असलेले टायर घ्यावेत आणि त्यांचा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, काट्यावर मिळालेल्या मागच्या अ‍ॅक्सलच्या वजनाशी जुळवून पाहावा. दुकानदार कारचे किंवा एसयूव्हीचे टायर ‘त्याच मापाचे आहेत, मऊ चालतील’ असे म्हणून दाखवील. माप तेच असले तरी त्यांच्या भिंती या वजनासाठी बनवलेल्या नसतात. वळणावर त्या वाकतात, आणि आपण ज्याला सस्पेन्शनचे डुलणे समजतो ते पुष्कळदा या टायरांचेच डुलणे असते.